गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर?

रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव असतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंच तसं ठरवून दिलं आहे: घरातली १८ वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख. पण त्याच घरातलं गॅसचं पुस्तक उघडून पाहा. त्यावर शौहरचं नाव असतं, नाहीतर सासऱ्यांचं. कित्येक घरांत तर ज्यांचं नाव आहे ते अल्लाहला प्यारे होऊन दहा-दहा वर्षं झालेली असतात आणि सिलिंडरचा नंबर अजून त्यांच्याच नावानं लागतो. चुलीपुढं उभी राहणारी एक आणि चुलीची मालकी दुसऱ्याची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण सिलिंडर येत होतं, डाळ शिजत होती.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर मात्र हा प्रश्न घरोघर आला. राज्य सरकारनं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली आणि वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे परत मिळण्यासाठी अट घातली की गॅसजोडणी बाईच्या नावावर असली पाहिजे. मी शिक्षिका. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचते-लिहिते, त्यामुळं मोहल्ल्यातला कुठलाही सरकारी कागद फिरत फिरत माझ्या दारात येतोच. त्या पावसाळ्यात रविवारची सकाळ म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांची सकाळ झाली. प्रत्येकीच्या हातात एक पिशवी. त्यात आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि मधून घडी फाटलेलं गॅसचं पुस्तक.

सिंदी मेघे म्हणजे वर्ध्याला चिकटून असलेलं गाव. शहर कुठं संपलं आणि आमची हद्द कुठं लागली, हे नवख्याला कळत नाही. (सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे वेगळं. पत्त्यात नुसतं 'सिंदी' लिहू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. 'मेघे' गाळलं की कागद भलतीकडं जाण्याची भीती असते.) इथं नोकरदार आहेत, मिस्त्री आहेत, भाजीवाले आहेत, शिलाई करणाऱ्या बायका आहेत. पगारदार घराला सिलिंडरचे पैसे म्हणजे महिन्याच्या खर्चातली एक ओळ. रोजंदारीच्या घराला तेच पैसे म्हणजे चार-पाच दिवसांचा बाजार.

या सबसिडीच्या भानगडीत वर्धा जिल्हा तसा जुना जाणकार आहे. गॅसची सबसिडी थेट बँक खात्यात टाकण्याची योजना केंद्रानं १ जून २०१३ रोजी मोजक्या जिल्ह्यांत सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातून त्यात वर्ध्याचं नाव होतं. तोवर सिलिंडर कमी भावात मिळायचं. त्या दिवसापासून पूर्ण भाव आधी मोजायचा आणि सरकारचा वाटा नंतर खात्यात यायचा, अशी उलटी रीत आली. 'पहले जेब से दो, बाद में खाते में लो,' असं आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी तिचं वर्णन केलं होतं. २०१४ च्या सुरुवातीला ती योजना थांबली, त्याच वर्षी नोव्हेंबरात काही जिल्ह्यांत पुन्हा सुरू झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. पुढं २०१६ पासून वर्षाला १० लाखांवर करपात्र उत्पन्न असणाऱ्यांची सबसिडी बंद झाली, आणि २०२० च्या मध्यापासून तर बहुतेक साध्या ग्राहकांच्या खात्यात काही येईनासंच झालं. राहिल्या त्या उज्ज्वला योजनेतल्या बायका. त्या योजनेची सुरुवात १ मे २०१६ ची, आणि तिच्यात जोडणी पहिल्यापासूनच बाईच्या नावावर. त्यांना २०२२ पासून केंद्राकडून दर सिलिंडरमागं २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले.

अन्नपूर्णा योजनेनं यावर आणखी भर घातली. शासन निर्णयात सिलिंडरची सरासरी किंमत ८३० रुपये धरली होती. उज्ज्वलावाल्यांना केंद्राचे ३०० आहेतच, म्हणून राज्याकडून ५३०. 'लाडकी बहीण' योजनेत बसणाऱ्या बायकांना ८३०. एका रेशन कार्डावर एकीलाच लाभ, सिलिंडर १४.२ किलोचं, एका महिन्यात एकापेक्षा जास्त सिलिंडरचे पैसे नाहीत. योजनांचे आकडे आणि अटी बदलत राहतात, म्हणून वितरकाकडं जाऊन ताजी स्थिती विचारावी हे बरं. पण एक गोष्ट बदललेली नाही: पूर्ण भाव आधी आपणच मोजायचा, आणि पैसे परत येतात ते बाईच्या नावावर. त्यामुळं बाईचं नाव काय, हा प्रश्न आला. आणि तिथंच आमची गाडी अडली.

आमच्या विदर्भातल्या नावांची रीत वाचकांना ठाऊक आहेच. पुरुषाचं नाव शेख सलीम शेख रशीद. बायकोचं नाव शहनाज बी शेख सलीम. लग्नाआधी तीच शहनाज परवीन शेख करीम होती. काही घरांत 'बी' लागतं, काहींत 'बेगम', काहींत 'खातून', शिकलेल्या मुलीला 'परवीन' किंवा 'अंजुम' आवडतं. आपल्यात 'शेख' हे पुढं येतं, मराठी फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना असतो. भरणारा मुलगा घाईत असतो. एक जण 'शेख' आडनाव लिहितो, दुसरा 'सलीम' लिहितो, तिसरा 'बी' हेच आडनाव समजतो! मग मराठीतून इंग्रजी होताना पुन्हा नशिबाचा खेळ. 'शेख' इंग्रजीत किमान चार तऱ्हेनं लिहिलेलं मी पाहिलं आहे. एका कार्डावर तर नुसती दोन अक्षरं आणि एक टिंब. 'मोहम्मद'चे हाल त्याहून वाईट. उर्दूत हे सगळं एकाच स्पेलिंगनं लिहितात, तिथं दुसरा पर्यायच नाही. मी वर्गात मुलांना ते फळ्यावर लिहून दाखवते आणि मग त्याच नावाची इंग्रजी रूपं खाली लिहायला लावते. मुलं हसतात. त्यांच्या आयांना हसू येत नाही.

शेजारच्या खालांचं प्रकरण मी जरा सविस्तर सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळंच आलं. त्यांचं खरं नाव देत नाही, समजा, शहनाज. वय साठीच्या आतलं, शिलाई करून घर चालवतात, धाकटा मुलगा सोबत, थोरला नागपूरला, मुलगी लग्न होऊन पुलगावला. गॅसचं पुस्तक शौहरच्या नावावर, आणि ते जाऊन आठ वर्षं झालेली. आधारवर नाव 'शहनाज बी शेख रहीम', बँकेत 'शहेनाज बेगम', रेशन कार्डावर 'शेख शैनाज'. तीन कागद, तीन बाया.

नाव बदलून घ्या, असं मी सहज म्हटलं आणि खाला गप्प झाल्या. मला वाटलं खर्चाची काळजी असेल. थोड्या वेळानं म्हणाल्या, ''आपा, घर में उनके नाम का अब यही एक कागद है. वो भी काट दूं?'' वीजबिल घरमालकाच्या नावावर, रेशन कार्डावरून नाव कधीच कमी झालेलं. दर महिन्या-दोन महिन्याला मोबाइलवर गॅसचा मेसेज येतो, त्यात मरहूम शौहरचं नाव येतं. ते वाचायची त्यांना सवय झाली होती. यावर कुठल्या शासन निर्णयात उत्तर सापडणार? मी काही बोलले नाही. दोन आठवड्यांनी त्याच पिशवी घेऊन आल्या.

धारक वारला असेल तर जोडणी वारसाच्या नावावर होते. मृत्यूचा दाखला, जोडणीची मूळ पावती, नव्या धारकाचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, केवायसीचा फॉर्म, आणि बाकी वारसांचं 'आमची हरकत नाही' असं लेखी. हे शेवटचं ऐकायला सोपं आहे. पुलगावच्या मुलीनं जुम्म्याच्या दिवशी येऊन सही केली. नागपूरच्या मुलाला फोनवर सांगितलं तर त्याच्या घरातून प्रश्न आला की कशावर सही मागताहेत, घरावर का? मी तो कागद फोटो काढून पाठवला आणि फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवली, की यात फक्त गॅसजोडणीचा उल्लेख आहे, दुसऱ्या कशाचाही नाही. वारसाच्या सहीला माणूस बिचकतो यात गैर काही नाही. उलट न वाचता सही करणाऱ्याचीच मला भीती वाटते. धाकट्या मुलानं वेगळाच मुद्दा काढला: ''मेरे नाम पे कर दो ना, भागदौड तो मैं ही करता हूं.'' त्याला समजावून सांगितलं की तुझ्या नावावर केलं तर योजनेचे पैसेच येणार नाहीत. पैशाचं ऐकल्यावर तो लगेच तयार झाला. मला मात्र वाटत होतं की पैसे नसते तरी त्यानं आईचं नाव सुचवायला हवं होतं. असो.

शौहर हयात असेल तर काम याहून सोपं आहे. त्याची संमती, बायकोची केवायसी, झालं. पण त्यातही मी पाहिलं की काही घरांत या एका सहीसाठी पंधरा-पंधरा दिवस गेले. ''नाव माझं असलं काय, तिचं असलं काय, घर तर एकच ना?'' असं म्हणणारे भाई खूप भेटले. घर एकच आहे, तर मग सही करायला अडचण कसली?

खालांची जोडणी नावावर झाली. पुस्तकावर नवं नाव आलं, ते आधारवरचं जसंच्या तसं लिहून घेतलं. वितरकाच्या माणसानं नवी रबरी नळी आणि काय काय घ्यावंच लागेल असं सांगून पाहिलं. नळीची मुदत संपली असेल तर ती बदलावीच, ते आपल्या सुरक्षेचं आहे. पण नाव बदलण्यासाठी शेगडी किंवा दुसरं सामान विकत घेण्याची सक्ती करता येत नाही. मग नंबर लावला, पूर्ण पैसे मोजून सिलिंडर घेतलं, आणि वाट पाहिली.

मेसेज आला. पैसे आले नाहीत. ''आपा, मोबाइल में आया बोल रहे, बँकवाले बोलते नहीं आया.'' हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या तोंडून ऐकलं की आता मला उत्तर पाठ झालं आहे. सरकारी पैसा आधारच्या आधारानं पाठवला जातो तेव्हा तो तुमच्या पासबुकाकडं बघत नाही. आधारशी सर्वांत शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्या खात्यात तो जातो. बाईला आपली दोन-तीन खाती आहेत हे ठाऊकही नसतं. जनधनच्या शिबिरात एक उघडलं, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दुसरं, बचत गटासाठी तिसरं. २०१७ मध्ये तर देशात असा प्रकार उघडकीला आला की मोबाइलच्या सिमची आधार-पडताळणी करताना लाखो ग्राहकांची एका पेमेंट्स बँकेत नकळत खाती उघडली गेली आणि त्यांची गॅस सबसिडी तिकडं वळली. ते पैसे पुढं परत करावे लागले. खालांच्या बाबतीत जुनं जनधन खातं निघालं, पासबुक हरवलेलं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःचा नंबर आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की कोणत्या बँकेशी जोडणी आहे ते दिसतं. हे तपासणं फुकट आहे. कुणी दोनशे रुपये मागत असेल तर देऊ नका, आणि ओटीपी कुणाला फोनवर सांगू नका.

खाती जुळली तेव्हा नाव जुळेना. बँकेतलं 'बेगम' आणि आधारवरचं 'बी'. इथं मी एकच नियम धरते: आधारवरचं नाव बरोबर असेल तर बाकी कागद त्याच्यासारखे करून घ्यायचे, उलट करायला जायचं नाही. कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर हौसेनं एकदा बदललं, स्पेलिंग चुकलं म्हणून दुसऱ्यांदा बदललं, की वाट फार लांबची होते. मुलींना मी आवर्जून सांगते की निकाहनं नाव बदलायलाच हवं असं आपल्याकडं नाही. शाळेच्या दाखल्यावरचं, बापाच्या नावासहचं नाव आयुष्यभर ठेवता येतं. आपल्या आज्या-नान्या ते ठेवतच होत्या. नाव बदलायची घाई ही अलीकडची गोष्ट आहे, आणि निम्मी कटकट त्या घाईतून येते.

आणखी एक अडचण बोटांची. भांडी घासून, राखेनं, साबणानं, शिलाईच्या सुईनं बोटांवरच्या रेषा झिजतात. ई-केवायसीच्या मशिनवर अंगठा लागत नाही. खाला तीन वेळा हात धुऊन आल्या. आता चेहऱ्यावरून पडताळणी होते, ती मोबाइलवरही होते, म्हणून ती आधी मागावी. घरी सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलाकडंही पुष्कळदा सोय असते.

हे सगळं एवढ्यासाठी का करायचं, असं कुणी विचारेल. ८३० रुपये वर्षातून तीन वेळा म्हणजे काही बादशाही नाही. पण वर्ध्याच्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या फुकट मिळतात, तुराट्या मिळतात. गॅस असलेल्या घरांतही अंगणात चूल असतेच. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं, भाकरी तिच्यावर होते, आणि सिलिंडर चहासाठी आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलं जातं. सिलिंडर संपल्यावर हातात रोख नसेल, तर महिनाभर सगळा स्वयंपाक त्या धुरात होतो. मागच्या सिलिंडरचे पैसे वेळेत आले की पुढच्याचा नंबर लागतो, नाही आले की पऱ्हाट्यांची मोळी येते. बाई धुरात बसणार की नाही, हे त्या मेसेजवर ठरतं. शिवाय साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, तर गॅसच्या शेगडीला भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचवावी लागते. बाकीचा फरक बाईच्या डोळ्यांतून आणि छातीतून जातो.

धुराचा हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथल्या मगनवाडीत सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तिथंच १९४७ च्या सुमारास धुराडं असलेली 'मगन चूल' पुढं आली. नंतर केंद्र सरकारनं १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला, आणि त्या चुलींना अनुदान होतं. माझ्या लहानपणी आमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात अशी एक चूल बसवलेली मला आठवते. बसवणारा आला, माप घेतलं, चूल बांधली, गेला. अम्मीला कुणी विचारलं नाही की तुमची देगची केवढी. ईदच्या आधी बिर्याणीची देगची त्या तोंडावर बसेना, तेव्हा अम्मीनं कडा फोडून तोंड मोठं केलं. मग धूर पुन्हा घरात. धुराडं साफ करायचं असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत ते बुजलं. अनुदान चुलीवर खर्च झालं, पण अम्मीच्या हाती त्यातला एक रुपया आला नाही आणि तिचं नावही कुठल्या कागदावर आलं नाही. आजच्या योजनेत कटकटी हजार आहेत, पण निदान पैसा बाईच्या खात्यात येतो. म्हणून मला ती जुन्यापेक्षा बरी वाटते.

माझी एक चुलत बहीण अमेरिकेत शिकागोकडं राहते. तिकडं घर गरम ठेवायला लाकडावर किंवा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्या असतात. त्यातली कमी इंधनात जास्त उष्णता देणारी, म्हणजे निदान ७५ टक्के कार्यक्षमतेची शेगडी घेतली, तर खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत, वर्षाच्या आयकरातून वजा व्हायचे. ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. मला यात एक गोष्ट लक्षात आली. ज्याला कर भरावा लागतो त्यालाच ती वजावट मिळे. ज्याचं उत्पन्न इतकं कमी की करच लागत नाही, त्याच्या पदरात काही पडत नसे. आपल्याकडं उलट आहे. माझ्या आयकराच्या फॉर्ममध्ये शेगडीचा रकाना कुठंच नाही, आणि तो नाही हेच बरोबर आहे. मदत जिच्या घरी पऱ्हाट्या जळतात तिच्याकडं जायला हवी.

मदत हा शब्द आला म्हणून एक गोष्ट बोलून टाकते. काही घरांतून ऐकू येतं की आम्हाला सरकारी खैरात नको. स्वाभिमान चांगला, पण ही खैरात नाही. घरगुती सिलिंडरवर ५ टक्के जीएसटी आहे, तो खालाही भरतात. उलट टोकाला दुसरे लोक आहेत. आमच्याच ओळखीतल्या एका बऱ्या कमाईच्या घरानं मला विचारलं की रेशन कार्ड वेगळं करून, उत्पन्न कमी दाखवून बसवता येईल का. घरात दोन पगार, दारात गाडी. मी म्हटलं, फॉर्मवर सही तुमची असते आणि खाली लिहिलेलं असतं की माहिती खरी आहे. पिशव्या घेऊन येणाऱ्या कोणत्याही बाईचा फॉर्म मी भरून देते, पण हा देणार नाही. ते नाराज झाले. पुढं दुसऱ्या कुणाकडून भरून घेतला की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरची जोडणी मी गेल्या वर्षी माझ्या नावावर करून घेतली. आम्हाला पगार आहे, तेव्हा योजनेचा एक रुपयाही मिळणार नाही आणि मागायचाही नाही. पण रात्री वास आला तर उठून बटण बंद करणारी मी, मग नाव दुसऱ्याचं कशाला?

खालांचे पहिल्या सिलिंडरचे पैसे शेवटी जुन्या खात्यात सापडले, आणि दुसऱ्याचे दीड महिन्यानं योग्य खात्यात आले. शौहरच्या नावाचं जुनं पुस्तक त्यांनी पेटीत कपड्यांच्या खाली ठेवलं आहे.

या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले, तेव्हा मी एक नवी रीत घातली. फॉर्मच्या मागं आईनं मुलीचं नाव स्वतःच्या हातानं उर्दूत आणि मराठीत लिहायचं, आणि मुलीच्या आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग त्याखाली उतरवायचं. तिन्ही समोर असतील तरच मी रजिस्टरात लिहिते. परवा एक तरुण आई बराच वेळ पेन धरून बसली होती. मग म्हणाली, ''मॅडम, मुलीच्या नावाला 'बी' लावू की नको?'' मी विचारलं, ''घरी काय म्हणता?'' तर म्हणे, ''घरी तर नुसतं 'आलिया' म्हणतो.'' आधारवरही तेवढंच होतं. मी तेवढंच लिहिलं.